एका नमुन्यावरून पोते ओळखू नये

(पुण्याच्या मार्केट यार्डात ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि बाजारात काम करणाऱ्या भगिनी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



सकाळचे लिलाव आटोपून, हिशेबाच्या पावत्या खिशात घालून आणि पाठीवरची ओझी उतरवून आपण येथे आलात, याबद्दल मी आपला आभारी आहे. आजचा विषय कर्करोगाच्या गाठीचा आहे आणि ती गाठ तपासणाऱ्या एका यंत्राचा आहे. बाजाराच्या आवारात असा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. मराठी साहित्य घेऊन पदवीधर झालेला मी एक माहिती अधिकारी आहे. जे वाचले, जाणकारांकडून समजून घेतले, तेवढेच आपल्यासमोर मांडणार आहे. परंतु हा विषय मला जर कोणी खऱ्या अर्थाने समजावून दिला असेल, तर तो या आवारातील भुसार बाजाराने, हे प्रथमच कबूल करतो.

येथील खरेदीदार धान्य कसे पाहतो, ते आपण रोज पाहता. टोकदार लोखंडी नळी तो पोत्याच्या पोटात खुपसतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो आणि भाव बोलतो. मात्र अनुभवी माणूस एकाच ठिकाणी नळी खुपसून थांबत नाही. वर, मध्यभागी, तळाशी अशा दोन-तीन जागांचा माल तो पाहतो. कारण पोत्याच्या तोंडाशी टपोरा गहू आणि पोटात किडका, हा प्रकार त्याला ठाऊक असतो. पोते एक, त्यावरील नाव एक, म्हणून आतला माल एकच असेल असे तो धरून चालत नाही.

कर्करोगाच्या गाठीविषयी वैद्यकशास्त्राला नेमकी हीच गोष्ट शिकण्यास बराच काळ लागला.

मी ज्या गाठीविषयी बोलणार आहे ती स्त्रीच्या गर्भाशयाच्या मुखाशी होते. शासकीय कागदावर तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग म्हणतात. घरोघरी तिला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात. दोन्ही नावे एकाच रोगाची आहेत आणि दोन्ही मी आज मोकळेपणाने उच्चारणार आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात या रोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण स्त्रिया आढळल्या आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. यांतील बहुसंख्य स्त्रिया घर चालविण्याच्या वयातील, कष्टकरी कुटुंबांतील असतात.

या रोगाचे मूळ एका विषाणूत आहे. ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, संक्षेपाने एचपीव्ही, असे त्याचे नाव. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ साली त्याचा १६ क्रमांकाचा आणि १९८४ साली १८ क्रमांकाचा प्रकार या गाठींत शोधून काढला. त्या कार्यासाठी २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे दोन प्रकार मिळून जगातील या रोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत आहेत. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, एवढे ऐकताच आपल्याकडे भुवया उंचावतात, म्हणून स्पष्ट सांगतो. वैवाहिक जीवन जगणाऱ्या बहुतेक सर्व स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा याची लागण होते आणि बहुतेकांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्या थोड्या स्त्रियांत तो ठाण मांडून बसतो, त्यांना पुढे धोका असतो. यात चारित्र्याचा प्रश्न कोठेही येत नाही.

ठाण मांडलेला विषाणू पेशीत काय करतो? आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात आणि त्यांत डीएनए नावाच्या द्रव्यात पेशीचा सगळा लेखाजोखा लिहिलेला असतो. पेशीचे दोन भाग होताना या लेखाची नक्कल होते. नक्कल बरोबर उतरली की नाही हे पाहणारी, चूक असल्यास विभाजन थांबविणारी राखणदार प्रथिने पेशीत असतात. हा विषाणू त्यांतील दोन महत्त्वाच्या राखणदारांनाच निकामी करतो. तलाठ्याच्या दप्तरातून तपासणीच रद्द झाली तर सात-बारावर काय काय नोंदी होऊ लागतील, याची कल्पना येथील शेतकरी बांधवांना द्यावयास नको. एका पेशीत एक चूक होते, तिच्या दोन लेकींत ती उतरते, त्यांतील एकीत आणखी एक चूक होते. काही वर्षांनी गाठ दिसू लागते तेव्हा तिच्यातील सर्व पेशी एकाच पूर्वज पेशीच्या वंशातील असल्या, तरी त्यांच्या दप्तरांतील नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. भाऊबंदकी वाढत जावी तशा शाखा फुटलेल्या असतात. १९७६ साली पीटर नॉवेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने हा विचार प्रथम व्यवस्थित मांडला.

ही चर्चा केवळ पुस्तकी आहे काय? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील एक अभ्यास पाहा. २००३ ते २०११ या काळात, रोग बराच पुढे गेलेल्या आणि सर्व एकाच टप्प्यावर असलेल्या ८५० स्त्रियांना त्यात सामील करून घेतले होते. निम्म्यांना केवळ किरणोपचार आणि निम्म्यांना त्याच्या जोडीला सिस्प्लॅटिन हे औषध देण्यात आले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी, केवळ किरणोपचार घेतलेल्या दर १०० पैकी ४६ स्त्रिया हयात होत्या. औषधाची जोड मिळालेल्यांपैकी ५४. आठ स्त्रियांचे प्राण अधिक वाचले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु माझे लक्ष दुसऱ्याच आकड्याकडे गेले. रोगाचा टप्पा एकच, उपचार एकच, तरी ५४ जगल्या आणि ४६ गेल्या. असे का व्हावे? पोषण, रक्ताचे प्रमाण, उपचार पुरे होणे न होणे, अशी अनेक कारणे त्यामागे असतात. गाठी आतून सारख्या नसतात, हे त्यांतील एक कारण आहे असे शास्त्रज्ञ मानतात. ते पडताळावयाचे तर गाठ फोडून तिच्यातील पेशी एकेक करून पाहिल्या पाहिजेत. तोळाभर वजनाच्या गाठीत पेशींची संख्या कोट्यवधींची असते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजीत बसणे मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

येथे ते यंत्र येते. त्याला फ्लो सायटोमीटर म्हणतात. आपण प्रवाही पेशीमापक म्हणू. गंमत अशी की, याच्या आरंभीच्या अवतारांपैकी एक याच रोगासाठी जन्मास आला होता. गर्भाशयमुखावरील पेशी काचपट्टीवर पसरून तपासण्याची पॅप चाचणी प्रचारात आल्यानंतर लक्षावधी काचा तपासावयाला माणसे कोठून आणावयाची, हा प्रश्न अमेरिकेत उभा राहिला. तेव्हा आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या लुई कामेन्ट्स्की यांनी १९६५ साली पेशींना द्रवाच्या धारेतून एकामागून एक पळवीत त्यांच्यावर प्रकाश टाकून मोजणारे यंत्र जाहीर केले. विकृत पेशी यंत्रानेच शोधून काढावी, हा हेतू होता. तो त्या वेळी सफल झाला नाही. काचेवरच्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि हजारो चांगल्या पेशींत चार-दोन वाईट शोधावयाच्या असतात. परंतु यंत्र वाया गेले नाही. त्याच वर्षी मॅक फुलवायलर यांनी मोजलेल्या पेशी थेंबाथेंबाने वेगळ्या काढण्याची युक्ती साधली, आणि पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात लिओनार्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने प्रकाशमान रंगांची जोड देऊन त्याला आजचे रूप आणले.

हे यंत्र आपल्याला अगदीच परके नाही. एचआयव्हीबाधित रुग्णांच्या रक्तातील सीडी-फोर पेशी मोजण्यासाठी आपल्या राज्यात ते वर्षानुवर्षे वापरले गेले आहे. ‘सीडी-फोर काढून आणा’ हे वाक्य आरोग्य कर्मचाऱ्यांच्या ओठांवर असे. पुण्यातच, विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेत, पेशी मोजणारी आणि वेगळ्या काढणारी अशी यंत्रे संशोधनासाठी आहेत.

त्याचे काम कसे चालते ते सांगतो. गाठीचा तुकडा प्रथम कापून आणि पाचक द्रव्यांच्या साहाय्याने सुटा करतात, म्हणजे पेशीपासून पेशी वेगळी होते. कणसाचे दाणे सोडवावेत तसे. मग त्या पेशींना असा रंग देतात की जो फक्त डीएनएला चिकटतो आणि प्रकाश पडताच तांबूस चमकतो. जितका डीएनए अधिक, तितकी चमक अधिक. या पेशी द्रवात मिसळून एका बारीक नळीतून सोडतात. बाहेरून दुसऱ्या द्रवाचे वेष्टन असे दिले जाते की, आतली धार अत्यंत बारीक होऊन पेशींना एकामागून एक, एका रांगेत जावे लागते. बाजाराच्या फाटकावर दोन गाड्यांना एकदम आत शिरता येऊ नये अशी व्यवस्था केली, तर प्रत्येक गाडीची नोंद होते, तसेच हे. रांगेतील प्रत्येक पेशीवर लेझरचा किरण पडतो. समोर पडलेल्या प्रकाशावरून पेशीचा आकार कळतो, बाजूला विखुरलेल्या प्रकाशावरून आतील खडबडीतपणा आणि रंगाच्या चमकेवरून डीएनएचे प्रमाण. एका सेकंदात हजारो पेशींचे असे वजनकाट्यावरून जाणे होते. येथील तोलणार बांधवांनी हा वेग मनावर घेऊ नये.

काटा किती नाजूक असावा? माणसाच्या एका पेशीतील डीएनएचे वजन एका ग्रॅमच्या लाख कोटी भागांपैकी सुमारे साडेसहा भाग इतके असते. निरोगी पेशींची मोजणी केली तर आलेखावर एक उंच टेकडी दिसते आणि बरोबर दुप्पट अंतरावर एक छोटी टेकडी. ही दुसरी टेकडी विभाजनाच्या तयारीत असलेल्या, डीएनए दुप्पट झालेल्या पेशींची. आता कर्करोगाच्या गाठीचा आलेख पाहा. निरोगी टेकडी तेथेही असते, कारण गाठीत रक्तपेशी आणि आधार देणारे निरोगी तंतूही असतात. परंतु तिच्या शेजारी, जेथे काहीही असावयास नको तेथे, दीडपट किंवा पावणेदोनपट जागी, आणखी एक टेकडी उभी असते. हिच्यातील पेशींच्या गुणसूत्रांचा हिशेब बिघडलेला आहे. आणि काही गाठींत अशी एक नव्हे, दोन टेकड्या निघतात. म्हणजे एकाच गाठीत, एकाच नावाखाली, हिशेब निरनिराळ्या प्रकारे बिघडलेली दोन कुळे नांदत आहेत. गाठीच्या एका टोकाचा तुकडा घेतला तर एक कूळ सापडते, दुसऱ्या टोकाचा घेतला तर दुसरे. खरेदीदाराची लोखंडी नळी आठवावी.

नेदरलँड्समधील लायडेन येथे कॉर्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालाच्या सुमारास या पद्धतीला आणखी धार लावली. डीएनएच्या रंगाबरोबरच त्यांनी केराटिन आणि व्हायमेंटिन या दोन प्रथिनांना वेगवेगळे रंग दिले. गर्भाशयमुखाच्या कर्कपेशी केराटिन बाळगतात, आधार देणाऱ्या निरोगी पेशी व्हायमेंटिन बाळगतात. त्यामुळे यंत्राला चोर आणि शिपाई ओळखता येऊ लागले. मग यंत्र प्रत्येक पेशीचा थेंब करते, हव्या त्या थेंबावर विजेचा सूक्ष्म भार देते आणि तो थेंब ओढून वेगळ्या नळीत पाडते. अशा निवडलेल्या पेशींतील डीएनए नंतर अक्षर-अक्षर वाचता येतो, आणि कोणत्या कुळाने कोणत्या गुणसूत्राचा तुकडा गमावला, कोणता जास्तीचा मिळविला, हे निरोगी पेशींच्या सरमिसळीशिवाय कळते. डेव्हिड हेडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ सालीच दाखवून दिले होते की, मेणात घालून ठेवलेल्या जुन्या तुकड्यांतूनही पेशींची केंद्रके सोडवून अशी मोजणी करता येते. आपल्या रुग्णालयांच्या कपाटांत असे मेणाचे ठोकळे वर्षानुवर्षे पडून असतात. माझ्यासारख्या कागदपत्रे सांभाळणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार मोलाची वाटली.

या विविधतेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९५१ सालचे आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून काही पेशी काढून घेण्यात आल्या. तिला विचारण्यात आले नव्हते. ती त्याच वर्षी वारली. तिच्या पेशी मात्र ‘हेला’ या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत आजतागायत वाढत आहेत. ४६ गुणसूत्रांऐवजी या पेशींत सत्तर-ऐंशी आढळतात. आणि २०१९ साली निरनिराळ्या प्रयोगशाळांतील हेला पेशी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा त्या एकमेकींसारख्याही उरलेल्या नाहीत असे दिसून आले. एकाच स्त्रीच्या एकाच गाठीची ही लेकरे. जाता जाता एवढेच म्हणतो की, आपल्या गावात संशोधनासाठी कोणी नमुना मागावयास आले तर कशासाठी, हे विचारण्याचा आणि समजेपर्यंत सही न करण्याचा हक्क त्या स्त्रीचा आहे, आणि तिला तो माहीत असावा हे पाहणे सरपंचांचेही काम आहे.

आता पोत्याची उपमा मी येथेच सोडून देतो, कारण ती पुढे चालत नाही. कुजका कांदा शेजारच्या कांद्याला कुजवितो, परंतु त्याला कुजकी पिल्ले होत नाहीत. कर्कपेशींना ती होतात. त्यासाठी कापसाच्या बोंडअळीकडे पाहावे लागेल. आपल्या राज्यात २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापसाची जी दैना केली, ती आपण विसरला नाहीत. बीटी वाणातील विषाने पूर्वी मरणाऱ्या अळ्यांत काही अशा होत्या की ज्या मरत नव्हत्या. मरणाऱ्या मेल्या, न मरणाऱ्यांना रान मोकळे झाले आणि पुढचे शिवार त्यांच्याच वंशाने भरले. गाठीतही असेच घडू शकते. उपचाराने दहापैकी नऊ कुळे नष्ट झाली आणि दहाव्या कुळावर त्याचा परिणाम होत नसला, तर काही महिन्यांनी परत येणारी गाठ त्या दहाव्या कुळाची असते. कुळे जितकी अधिक, तितकी त्यांत एखादे चिवट कूळ असण्याची शक्यता अधिक.

यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर उद्या कोणी मजकडे येऊन आपल्या तालुक्याला हे यंत्र केव्हा मिळणार असे विचारील. डीएनएचे वजन करणारा हा काटा बारीकसारीक चुका पकडू शकत नाही. पोते तोलल्याने दाण्यातील कीड दिसत नाही. पेशी सुट्या केल्या की गाठीत कोण कोणाच्या शेजारी होते, ही माहितीही नाहीशी होते. एवढ्या मोजणीवरून रुग्णाचे भवितव्य सांगता येते काय, याविषयी निरनिराळ्या अभ्यासांत एकवाक्यता नाही. म्हणून गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रोजच्या उपचारासाठी ही तपासणी करीत नाहीत. ती संशोधनाच्या दालनात आहे. ज्या भगिनीच्या घरी हा रोग आला आहे, तिने ही तपासणी झाली नाही म्हणून हळहळू नये.

मग आपल्याला या साऱ्याचा उपयोग काय? माझ्या समजुतीप्रमाणे उपयोग एका शब्दात आहे: वेळ. गाठीतील कुळे एका दिवसात फुटत नाहीत. विषाणूने ठाण मांडल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारणपणे १५ ते २० वर्षे जातात. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या, विशेषतः एचआयव्हीबाधित स्त्रियांत हा काळ कमी असतो. आरंभीच्या काळात विकृती एका छोट्या पांढुरक्या डागापुरती असते. तो डाग दवाखान्यात काही मिनिटांत काढून टाकता येतो, आणि त्याच्याबरोबर होऊ घातलेली सगळी भाऊबंदकी जाते. हा डाग पाहण्यासाठी लेझर लागत नाही. सौम्य शिरका, म्हणजेच ॲसेटिक ॲसिड, कापसाच्या बोळ्याने लावून मिनिटभर थांबले की विकृत भाग पांढरा पडतो आणि प्रशिक्षित परिचारिकेच्या डोळ्यांना दिसतो.

याचा पुरावा आपल्याच राज्यात, आपल्याच गावांत मिळालेला आहे, याचा मला अभिमान वाटतो. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव जात, लोकांना भेटत, लक्षणे समजावून सांगत. काही वर्षांनी असे आढळले की, केवळ या बोलण्यामुळे या रोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर रुग्णालयात येऊ लागल्या आहेत. यंत्र नव्हते, औषध नव्हते, बोलणे होते. त्यानंतर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय संस्था यांनी डॉ. शंकरनारायणन, डॉ. नेने आदींच्या नेतृत्वाखाली ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या सुमारे ३४ हजार स्त्रियांच्या गटाला विषाणूची चाचणी देऊ केली होती, त्यांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. ज्या सुमारे साडेएकतीस हजारांच्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा होती, त्यांत ६४. पुढच्या टप्प्यातील रोग पहिल्या गटात ३९ जणींना, दुसऱ्या गटात ८२ जणींना. त्या दुसऱ्या गटाला तपासणीवाचून का ठेवले, असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि तो आक्षेप मला पूर्णतः दूर सारता येत नाही. मुंबईच्या वस्त्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने दीड लाखांवर स्त्रियांचा असाच अभ्यास केला. तेथे दहावीपर्यंत शिकलेल्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक स्त्रियांनी शिरक्याची तपासणी केली आणि मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले.

इतके असून २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ही तपासणी एकदा तरी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांचे देशातील प्रमाण १.९ टक्के निघाले. शंभरात दोनही नव्हेत.

येथे मला स्वतःचे एक काम सांगावयाचे आहे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत स्त्रियांच्या आरोग्याविषयीचे एक पत्रक मजकडे संपादनासाठी आले. मसुदा एका डॉक्टरबाईंनी लिहिला होता. त्यात लक्षणे होती: शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे. पत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागणार, शाळेत वाटले जाणार, म्हणून पहिले लक्षण मी खोडले, दुसरे सौम्य केले, आणि शेवटी लिहिले, ‘व अन्य तक्रारी असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.’ वरिष्ठांनी भाषेची प्रशंसा केली.

माझी मावशी पुरंदर तालुक्यातील. मटाराच्या हंगामात पहाटेच्या गाडीने ती याच बाजारात माल घेऊन येत असे आणि परतताना आमच्या घरी चहाला थांबत असे. पत्रक छापून आले तेव्हा मी मोठ्या कौतुकाने तिला एक प्रत दिली होती. दोन-तीन वर्षांनी तिला रुग्णालयात दाखल केले तेव्हा रोग ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत गेला होता. पहिले लक्षण, मी खोडलेलेच, तिला वर्षापूर्वीपासून होते. मी विचारले, “मावशी, तो कागद वाचला नव्हतास का?” ती म्हणाली, “वाचला की रे बाळा. त्यात माझं काही नव्हतं.” त्यानंतर ती वर्षभर होती.

पेशींची कुळे, टेकड्या, थेंब हे सर्व मी पुढे कधीतरी वाचू लागलो, ते या एका वाक्यामुळे. तिच्या गाठीत किती कुळे होती हे कोणी मोजले नाही. परंतु त्या एका वर्षात ती वाढली असणार, एवढे मला आता कळते.

आता कामाचे थोडे. हा रोग टाळण्याची लस येथून काही किलोमीटरवर, हडपसरला तयार होते. सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’ या लसीला २०२२ साली औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. ६, ११, १६ व १८ या चार विषाणूप्रकारांविरुद्ध ती आहे. लस ९ ते १४ वयाच्या मुलींना, विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी दिल्यास तिचा लाभ सर्वाधिक. शिक्षकांनी पालकसभेत हा विषय घ्यावा, वडिलांनाही बोलवावे. परंतु लस घेतल्याने मुलीच्या आईची आणि आजीची तपासणी होत नाही. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० वर्षांवरील स्त्रियांची शिरक्याची तपासणी दर पाच वर्षांनी व्हावयाची आहे. ग्रामपंचायतीच्या आरोग्य समितीने आपल्या उपकेंद्रावर ती कोणत्या दिवशी होते, करणारी परिचारिका प्रशिक्षित आहे काय, आणि डाग आढळलेली स्त्री पुढील दवाखान्यात खरोखर पोहोचली काय, हे तीन प्रश्न दर सभेत विचारावेत व उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. तिसरा प्रश्न बहुधा राहून जातो. गाडीभाडे, त्या दिवसाची बुडालेली मजुरी आणि सोबतीला कोणी नसणे, एवढ्या कारणांनी तपासलेली स्त्री अर्ध्या वाटेवरून परत फिरते. या आवारात रोजंदारीवर धान्य निवडणाऱ्या भगिनींना तर तपासणीच्या दिवशी अर्धी सुटी मिळाली पाहिजे. गाळेमालकांपैकी जे येथे बसले आहेत त्यांच्याशी मी नंतर याविषयी बोलणार आहे.

नवीन पत्रक तयार झाले आहे. त्यातील मजकूर त्याच डॉक्टरबाईंच्या मूळ मसुद्यावरून घेतला असून त्यातील एकही शब्द मी खोडलेला नाही. प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत, पुरुषांनीही न्याव्यात. ज्या भगिनींना वाचता येत नाही त्यांना ते मोठ्याने वाचून दाखविण्यासाठी परिचारिका बाई सहा वाजेपर्यंत येथेच थांबणार आहेत.